शेल्टरची दहा वर्षांची तपासणी: एस्पोतल्या आमच्या सोसायटीने करून घेतलेलं काम

फिनलंडमध्ये एस्पो, हेलसिंकी, वानता या भागात फ्लॅट घेऊन राहिलेल्या आणि सोसायटीच्या कमिटीवर आलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या नागरी संरक्षण शेल्टरची (युद्धात किंवा मोठ्या संकटात आसरा घ्यायच्या खोलीची) दहा वर्षांनी होणारी तपासणी आणि देखभाल यंदा आम्ही करून घेतली. काम करणारी कंपनी छोटी, आसपासच्या भागापुरती आहे. तिचं नाव देत नाही, कारण तुमच्याकडे दुसरीच माणसं येतील. त्यांच्याकडून काय काय करून घ्यायचं ते सांगते. आमच्याकडे झालेल्या कामाला माझे पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी माहिती. फिनलंडमध्ये सुमारे 50,500 शेल्टर आहेत आणि त्यांत साधारण 48 लाख माणसं मावतात. देशाची लोकसंख्या 56 लाखांच्या आसपास आहे. पर्यटकांना दाखवतात ती खडकात कोरलेली मोठी शेल्टर: हेलसिंकीचं मेरिहाका, जिथे 6,000 माणसांची सोय आहे आणि एरवी मुलं फ्लोअरबॉल खेळतात, किंवा इताकेस्कुसचा भूमिगत पोहण्याचा तलाव, जो रिकामा केला की 3,800 जणांचा आसरा होतो. ती बघायला सुंदरच आहेत. पण देशातली बहुतेक शेल्टर तशी नाहीत. ती आमच्यासारखी आहेत: इमारतीच्या पोटात, लॉन्ड्रीच्या शेजारी, जाळीच्या कपाटांनी भरलेली. ज्या निवासी इमारतीचं किंवा एका आवारातल्या इमारतींचं मजला-क्षेत्र 1,200 चौरस मीटर किंवा जास्त आहे, तिथे शेल्टर बांधणं कायद्याने बंधनकारक आहे. ते सरकार सांभाळत नाही, इमारतीचे मालक सांभाळतात. म्हणजे आपण.

2011च्या बचाव कायद्यात एक आकडा आहे आणि तो मी कमिटीच्या प्रत्येक बैठकीत उच्चारते: 72 तास. हुकूम आल्यापासून इतक्या वेळात शेल्टर वापरायला तयार झालं पाहिजे. साधनसामग्रीची तपासणी आणि देखभाल किमान दर 10 वर्षांनी करून तिचा अहवाल जपून ठेवायचा असतो. आमची वेळ भरली होती.

मी पिंपरीत कंप्रेसरच्या देखभालीत बरीच वर्षं काढली. त्यामुळे जुना अहवाल हातात आला तेव्हा मी आधी आकडे शोधले. आकडा एकही नव्हता. दहा वर्षांपूर्वी आलेल्या ठेकेदाराने सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून ठेवल्या होत्या आणि हवाबंदपणाच्या चाचणीची जागा कोरी सोडली होती. ज्या चाचणीवर शेल्टरचं शेल्टरपण ठरतं, तीच झाली नव्हती. म्हणून या वेळी तीन ठिकाणांहून दर मागवताना मी एकच प्रश्न विचारला: दाब मोजून त्याचा आकडा लेखी देणार का? एकाने उत्तरच दिलं नाही, एकाने ‘हवं असेल तर, जादा पैसे घेऊन’ म्हटलं, तिसऱ्याने उलट विचारलं की चाचणीच्या वेळी सोसायटीतले किती जण हजर राहतील. आम्ही तिसऱ्याला बोलावलं. तो सर्वांत स्वस्त नव्हता. तपासणीचं बिल काही शे युरोंत बसलं, सुटे भाग वेगळे. इतक्या घरांत वाटलं तर एका कुटुंबाच्या वाट्याला फार येत नाही.

आता ही चाचणी काय असते ते सविस्तर सांगते, कारण सगळं मर्म त्यातच आहे.

शेल्टरची भिंत आणि छत जाड काँक्रीटचं असतं. स्फोटाचा धक्का, ठिकऱ्या, वरची इमारत कोसळणं आणि किरणोत्सर्ग यांच्यापासून ते वाचवतं. पण विषारी वायू किंवा किरणोत्सारी धूळ फटीतून आत येते. म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे जिथे फट असेल तिथून हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. हे काम भिंतीवर बसवलेलं हवेचं यंत्र करतं. ते बाहेरची हवा ओढतं. साध्या वेळी फिल्टरला वळसा घालून, धोका असेल तेव्हा खास फिल्टरमधून. वापरलेली हवा दाबाच्या झडपेतून बाहेर पडते. यंत्राला विजेची मोटर आहे आणि वीज गेली तर हाताने फिरवायचा दांडा आहे. शेजारी द्रवाची बारीक नळी असते, तिच्यावर आतला जादा दाब पास्कलमध्ये दिसतो.

तंत्रज्ञ सकाळी आला. सावकाश बोलणारा तरुण मुलगा. त्याने आधी एक तास नुसती बॅटरी घेऊन भिंती पाहिल्या. मग सगळी झाकणं, झडपा, जमिनीतल्या गटाराचं तोंड बंद केलं, दार ओढून दोन्ही दांडे घट्ट केले आणि यंत्र चालू केलं. नळीतला द्रव जरासा हलला आणि थांबला. दाब धरतच नव्हता.

पहिलं कारण दाराचं रबर. कधीतरी तळघर रंगवताना रंगाऱ्याने दारासोबत रबराच्या पट्टीवरही ब्रश फिरवला होता. रंग वाळून कडक झाला, रबराला भेगा पडल्या. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही, तसंच हे. चार-पाच मिलिमीटरच्या रबरापायी अख्खं काँक्रीट गॅसच्या बाबतीत निरुपयोगी होतं. दुसरं कारण अजून गंभीर. लॉन्ड्रीच्या बाजूच्या भिंतीत, अगदी वर, एक भोक पाडून त्यातून इंटरनेटची केबल नेली होती आणि भोवती साधा फोम भरला होता. शेल्टरच्या भिंतीतून काहीही न्यायचं असेल तर हवाबंद नळकांडीतूनच न्यायचं असतं, नाहीतर न्यायचंच नाही. केबल कोणी टाकली, कधी टाकली, याचा कागद सोसायटीत नाही. तुमच्या इमारतीत इंटरनेटचं किंवा नळाचं काम निघालं तर त्या दिवशी तळघरात जाऊन उभे राहा, इतकंच सांगेन.

तंत्रज्ञाने केबल काढून भोक योग्य पद्धतीने बुजवलं. रबर मात्र मागवावं लागलं आणि ते यायला बरेच आठवडे गेले. दुसऱ्या भेटीत तीच चाचणी पुन्हा घेतली. या वेळी द्रव चढला आणि चढलेलाच राहिला. आकडा अहवालात लिहून आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. मला यंत्रांची सवय आहे, तरी त्या नळीकडे बघताना बरं वाटलं.

सर्वांत जास्त गुण मी त्याला कशासाठी दिले, तर त्याने मोटर बंद करून दांडा आमच्या हातात दिला. हजर असलेल्या प्रत्येकाला फिरवायला लावलं. आधी वळशाच्या मार्गाने, मग फिल्टरच्या मार्गाने कसं वाटेल ते समजावून. (खास फिल्टर सीलबंद असतो आणि शांततेच्या काळात तो उघडायचा नाही, हे त्याने तीनदा बजावलं.) तिसऱ्या मजल्यावरचा धट्टाकट्टा मुलगा थोड्याच वेळात घामाघूम झाला. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की हे पाळीपाळीने करायचं काम आहे, रात्रीही, आणि त्याची यादी आधीच लागेल. हे कुठल्याही अहवालातून कळलं नसतं.

आमच्या जिन्यातल्या एक आजी पण खाली आल्या होत्या. 1944च्या फेब्रुवारीत हेलसिंकीवर तीन मोठे बॉम्बहल्ले झाले तेव्हा त्या लहान होत्या. त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. बाकावर बसून पाहिलं आणि त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं, याला पाठ टेकायला काही बसवता येईल का? त्याने मोजमाप लिहून घेतलं. पाठीच्या फळ्या आता झाल्या आहेत, सोसायटीतल्याच एका सुताराने केल्या.

जागेचा हिशोबही एकदा नीट मांडा. नियमाप्रमाणे माणशी 0.75 चौरस मीटर. निवासी इमारतीत शेल्टर मजला-क्षेत्राच्या किमान 2 टक्के. 3,000 चौरस मीटरची इमारत धरली तर 60 चौरस मीटरचं शेल्टर आणि 80 माणसं. एवढ्या जागेत सगळ्यांना एका वेळी आडवं होता येत नाही, झोपायच्याही पाळ्या लागतात. माणसांच्या अंगाची ऊब आणि श्वासाची वाफ यांनी खोली लवकर तापते, म्हणून दार लावल्यावर हवेचं यंत्र थांबून चालत नाही. हे आकडे मी लॉन्ड्रीच्या दारावर लावले, तेव्हा कपाटं रिकामी करण्याबद्दलची कुरकुर निम्म्याने कमी झाली.

कपाटं हाच आमच्याकडचा खरा अडथळा आहे. शेल्टर एरवी वापरायला कायद्याची हरकत नाही, आणि इथल्या थंडीत स्की, हिवाळी टायर, बाळगाड्या ठेवायला दुसरी जागा कुठे आहे? आमच्याही कपाटात गौरी-गणपतीच्या मखराचे खोके आहेतच. पण 72 तासांत हे सगळं बाहेर काढून जाळ्या उतरवायच्या, मगच बाक, पाणी, संडास आत येणार. वसंतातल्या सामुदायिक साफसफाईच्या दिवशी आम्ही एकच रांग उतरवून पाहिली. निम्मे स्क्रू गंजलेले होते आणि एक कुलूप कोणाचं ते कोणालाच माहीत नव्हतं. गंजलेले स्क्रू बदलले, प्रत्येक कपाटावर फ्लॅटचा नंबर घातला, लागणारे पाने-स्क्रूड्रायव्हर शेल्टरच्या पेटीतच ठेवले. या पेटीतल्या पहार, कुऱ्हाड वगैरे हत्यारांना कोणी घरकामासाठी हात लावायचा नाही असं ठरवलं. पहार त्याआधी कोणाच्या तरी उन्हाळी घरी जाऊन राहिली होती.

आता तक्रार, म्हणजे तो कापलेला अर्धा गुण. कंपनीने तयारीचा क्रम लिहून दिला नाही. यंत्र, झडपा, दार यांची माहिती उत्तम दिली, पण हुकूम आला की पहिल्या तासात काय, पहिल्या दिवशी काय, हा कागद आम्हालाच बनवावा लागला. बचाव क्षेत्रातल्या संघटना शेल्टर सांभाळणाऱ्यांसाठी कोर्स घेतात. स्पेक ही त्यातली मोठी संघटना. सोसायटीने शेल्टरसाठी एक जबाबदार माणूस आणि त्याचा एक मदतनीस नेमावा, असं इथे सांगितलं जातं. आमच्याकडे मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्लंबर. त्यांचा अनुभव आणि कोर्सच्या नोंदी मिळून आम्ही कागद केला. थोडक्यात क्रम असा: आधी सगळ्यांना निरोप आणि किल्ल्या. मग कपाटं रिकामी, जाळ्या बाहेर. साफसफाई. त्याच वेळी दोन जणांनी बाहेर जाऊन आपत्कालीन बाहेर पडायच्या वाटेचं झाकण उघडून पाहायचं. (हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी नेमका ढिगारा तिथेच लावते. आम्ही आता तिथे उंच लाल खांब रोवला आहे.) मग दारामागचा तंबू. हा घडीचा तंबू दाराच्या आतल्या बाजूला बसतो; बाहेरून येणारा त्यात थांबतो, दार लागतं, मगच तो आत येतो, म्हणजे दर वेळी दाब पूर्ण जात नाही. मग कोरडे संडास, त्यांचे पडदे आणि पिशव्या. पाण्याच्या टाक्या धुऊन भरायच्या, हे शेवटी नाही, नळाला पाणी आहे तोवर लवकर. सर्वांत शेवटी झडपा, झाकणं आणि यंत्राची चाचणी.

यातला तंबू उभारणं मुद्दाम करून पाहा. घडी उलगडताना आमच्या तंबूच्या शिवणी चिकटलेल्या निघाल्या. पावडर मारून त्या वेगळ्या केल्या आणि आता दरवर्षी एकदा उलगडायचं ठरलं आहे. तंत्रज्ञाने तंबू पिशवीतून बाहेर काढला होता, पण पूर्ण उभा केला नव्हता. तुमच्याकडे येणाऱ्याला उभा करायला सांगा.

अहवाल फक्त फिनिशमध्ये मिळाला. इमारतीत आम्ही मराठी, तेलुगू, अरबी, व्हिएतनामी अशी बरीच घरं आहोत. मी त्यातला सूचनांचा भाग इंग्रजीत आणि मराठीत करून जिन्यात लावला, इतरांनी आपापल्या भाषेत केला. हे कंपनीचं काम नाही, त्यामुळे त्याचे गुण कापले नाहीत. पण ज्या सोसायटीत हे कोणी करत नसेल तिथे संकटात निम्मी घरं दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहतील.

घरात ठेवायच्या गोष्टी सोसायटी देत नाही, त्या आपल्या आपण. तीन दिवस पुरेल इतकं पाणी, खाणं, औषधं घरात असावीत असं इथे सगळ्यांनाच सांगतात. शेल्टरमध्ये स्वयंपाक करता येत नाही आणि ज्योत पेटवायची नाही. तेव्हा उदबत्ती, निरांजन नको. लाडू, चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चिक्की, खजूर हे आपलं खाणं अशा वेळी फार उपयोगी आहे: शिजवावं लागत नाही, टिकतं आणि पोट भरतं. बॅटरीवरचा रेडिओ, टॉर्च, पांघरूण, लहान मुलांचं एखादं खेळणं. आयोडीनच्या गोळ्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. 2022 पासूनच्या शिफारशीनुसार त्या 3 ते 40 वर्षांच्या लोकांसाठी आहेत, आणि अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यायच्या. फोनवर 112 सुओमी हे आपत्कालीन मदतीचं ॲप असू द्या.

भोंग्याचाही फरक घरातल्या सगळ्यांना शिकवा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी 12 वाजता वाजतो तो चाचणीचा, थोडकाच आणि एका सुरातला. खऱ्या धोक्याचा एक मिनिट चालतो, वरखाली होत. तो ऐकला की आधी घरात जायचं, दारं-खिडक्या आणि हवेच्या जाळ्या बंद करायच्या, रेडिओ लावायचा आणि सूचनेची वाट पाहायची. भोंगा वाजला की पळत शेल्टरमध्ये जायचं, असा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा समज होता. शेल्टरमध्ये कधी जायचं ते वेगळं सांगितलं जातं.

7 मे 2025ला भारतभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, त्यात महाराष्ट्रातलीही शहरं होती. त्या दिवशी आईचा चिंचवडहून फोन आला. 1971च्या युद्धात ती मुंबईत शाळकरी मुलगी होती. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले तिला आठवतात. म्हणाली, “अगं, आम्ही दिवे घालवून घरातच बसायचो. तुमच्याकडे जायला जागा तरी आहे.” मी तिला म्हटलं, जागा आहे, पण रबर अजून यायचं आहे. ती म्हणाली, “मग आण की लवकर.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला परत फोन केला, आणि मला वाटतं त्या फोननंतरच काम हललं. या बाबतीत तुम्हीही भीड धरू नका. सुट्या भागांची तारीख लेखी मागा आणि ती उलटली की पाठपुरावा करा.

कोणी म्हणेल, इतकं कशासाठी, ऐंशी वर्षांत वापरावं लागलेलं नाही. माझं उत्तर इतकंच की 30 नोव्हेंबर 1939च्या सकाळी हेलसिंकीवर बॉम्ब पडले तेव्हा शहर रोजच्या कामात होतं, आणि रशियाची 1,340 किलोमीटरची सीमा आजही तिथेच आहे. इथल्या लोकांना घाबरून तयारी करताना मी पाहिलेलं नाही. ते स्वेटर घालून खाली येतात, काम करतात, शेवटी सगळे मिळून कॉफी पितात. आपणही त्यात असावं असं मला मनापासून वाटतं. पाळ्यांच्या यादीत माझं आणि माझ्या मुलीचं नाव आहे, आणि आमच्या इमारतीतल्या इतर तीन मराठी घरांनीही आपापली नावं घातली आहेत.

कामाला बोलावण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: मागचा अहवाल, सोसायटीच्या बचाव योजनेतला शेल्टरचा नकाशा, आणि दारावरच्या व हवेच्या यंत्रावरच्या पट्टीचा फोटो. त्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि साल असतं. ते आधी कळवलं तर रबर आणि झडपांचे वायसर पहिल्याच भेटीत आणता येतात. आम्ही ते आधी कळवलं असतं तर दुसऱ्या फेरीचं प्रवासभाडं वाचलं असतं, आणि कंपनीनेही ते स्वतःहून विचारायला हवं होतं.